न लपणारा देह : 'युरोपा युरोपा' आणि ओळख लपवून जगण्याचा प्रश्न

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातील ज्यूंनी जीव वाचविण्यासाठी जे मार्ग पत्करले, त्यांत लपण्याचे दोन प्रकार सरळसरळ वेगळे दिसतात. पहिल्या प्रकारात माणूस आपला देह लपवितो. अॅन फ्रँक अॅमस्टरडॅममधील एका कचेरीच्या मागील भागात लपली. पियानोवादक व्लादिस्लाव श्पिलमन वॉर्सातील रिकाम्या घरांच्या आश्रयाने राहिला. येथे भिंतीआड जे आहे ते बदलत नाही. दार उघडले की तेच माणूस बाहेर येते. दुसऱ्या प्रकारात देह उघड्यावर, शत्रूच्या डोळ्यांदेखत वावरतो आणि लपविले जाते ते नाव, कूळ, धर्म, मातृभाषेचा हेल. येथे भिंत नाही. माणसाला स्वतःचीच भिंत व्हावे लागते, आणि चार वर्षांनी त्या भिंतीआड नेमके कोण उरले आहे, हे त्यालाही खात्रीने सांगता येत नाही.

पहिल्या प्रकारावर उत्तम चित्रपट पुष्कळ आहेत. रोमान पोलान्स्की यांचा 'द पियानिस्ट' (२००२) आपल्याकडील चित्रपट मंडळांतून अनेकांनी पाहिलेला आहे. दुसऱ्या प्रकाराला भिडणारे चित्रपट त्या मानाने थोडे. पोलिश दिग्दर्शिका आग्नियेश्का हॉलंड यांचा 'युरोपा युरोपा' (१९९०) हा त्यांतील महत्त्वाचा होय. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचा विचार मुख्यतः एका प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे : ओळख लपविणे ही केवळ बाह्य कृती राहू शकते काय? चित्रपट या प्रश्नाला जे उत्तर देतो ते अस्वस्थ करणारे आहे, आणि काही ठिकाणी चित्रपट स्वतःच त्या उत्तराला कचरला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आत्मकथन आणि चित्रपट

चित्रपटाचा आधार सालोमन पेरेल यांचे आत्मकथन आहे. पेरेल यांचा जन्म १९२५ साली जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळील पायने या गावी झाला. आईवडील रशियातून आलेले, वडिलांचे पादत्राणांचे दुकान. नाझी राजवट आल्यावर कुटुंब पोलंडमधील वूच या शहरी गेले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले तेव्हा आईवडिलांनी सालोमन आणि थोरला भाऊ इझाक यांना पूर्वेकडे, सोव्हिएत ताब्यातील प्रदेशात पाठविले. सालोमन ग्रोद्नो येथील सोव्हिएत अनाथाश्रमात राहिला व तेथे कोमसोमोलचा सभासद झाला. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्याने सोव्हिएत संघावर हल्ला केला; पळून जाताना मिन्स्कनजीक तो पकडला गेला. पकडलेल्यांतून ज्यू वेगळे काढले जात होते. त्याने आपली कागदपत्रे नाहीशी केली आणि आपण ज्यू नसून परदेशस्थ जर्मन वंशाचे आहोत, असे सांगितले. त्याच्या निर्दोष जर्मनवर सैनिकांचा विश्वास बसला. तो त्यांचा दुभाषा झाला, पुढे त्याची रवानगी ब्राउनश्वाइग येथील हिटलर युवा संघटनेच्या शाळेत झाली, आणि युद्धाच्या अखेरपर्यंत तो तेथे 'युप' या लाडक्या नावाने वावरला.

या हकिगतीतील विलक्षणपणा इतका आहे की कथालेखकाने ती रचली असती तर संपादकाने साभार परत केली असती. जन्मगावापासून अवघ्या काही मैलांवर, शत्रूच्या सर्वांत कडव्या शिक्षणसंस्थेत, एक ज्यू मुलगा ज्यूद्वेषाचे पाठ गिरवीत बसला आहे. पेरेल यांनी यावर सुमारे चाळीस वर्षे मौन पाळले. या मौनाचे कारण त्यांच्या अनुभवातच आहे. छळछावणीतून परतलेल्यांच्या समोर आपण काय सांगावे, हा प्रश्न त्यांना होता. उपाशी न राहता, मार न खाता, शत्रूच्या गणवेशात वाचलेला माणूस स्वतःला 'वाचलेला' तरी म्हणू शकतो काय?

हॉलंड यांना हा विषय परका नव्हता. त्यांचा जन्म १९४८ साली वॉर्सात झाला. वडील ज्यू, आई कॅथलिक. आईने १९४४ च्या वॉर्सा उठावात भाग घेतला होता. प्राग येथे चित्रपटाचे शिक्षण घेत असताना १९६८ नंतरच्या दडपशाहीत हॉलंड यांना तुरुंगवास घडला आणि डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेल्यावर त्या पश्चिम युरोपात राहिल्या. लपण्याच्या पहिल्या प्रकारावर, म्हणजे देह लपविण्यावर, त्यांनी 'बिटेरे एर्नटे' (१९८५) हा चित्रपट आधीच केला होता. त्यात एक शेतकरी एका ज्यू स्त्रीला घरात आसरा देतो. पुढे २०११ साली 'इन डार्कनेस'मध्ये त्या पुन्हा त्याच प्रकाराकडे वळल्या. या दोहोंच्या मध्ये 'युरोपा युरोपा' आहे आणि तो पूर्णपणे वेगळ्या सुरात आहे. येथे अंधार फारसा नाही. उपरोध आहे, वेग आहे, बऱ्याच ठिकाणी उघड विनोदही आहे.

चित्रपटाच्या दोन नावांकडेही लक्ष वेधावेसे वाटते. जर्मनीत तो 'हिटलरयुंगे सालोमोन' या नावाने प्रदर्शित झाला. हिटलरचा युवक आणि बायबलमधला शहाणा राजा, ही दोन नामे शेजारी ठेवण्यातच सारा विरोध आला. 'युरोपा युरोपा' या द्विरुक्तीत तो विरोध माणसावरून भूमीवर सरकतो. एकच खंड, पण दोन. प्रस्तुत लेखकाला जर्मन शीर्षक अधिक प्रामाणिक वाटते, कारण चित्रपटाचा खरा विषय खंड नाही, मुलगा आहे.

वंशशास्त्राचा वर्ग

चित्रपटातील सर्वांत चर्चिला गेलेला प्रसंग शाळेतील वंशशास्त्राच्या तासाचा आहे. अध्यापक ज्यू कसा ओळखावा हे मुलांना शिकवीत आहेत. मग ते सोलेकला (चित्रपटात त्याचे घरचे नाव हेच आहे) पुढे बोलावितात. त्याच्या डोक्याची मापे घेतली जातात, चेहऱ्याची पाहणी होते. प्रेक्षकाचा श्वास अडकलेला असतो. आणि निर्णय असा येतो की हा मुलगा पूर्व बाल्टिक वंशाचा अस्सल आर्य आहे. उच्च नॉर्डिक नसला तरी अस्सल.

हा प्रसंग साधारणतः विनोदी म्हणून वाखाणला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्यातील तर्क विनोदाच्या पलीकडे जातो. ज्या 'शास्त्रा'च्या आधारावर लाखो माणसांना मारण्यात आले, त्या शास्त्राला समोर उभा असलेला ज्यू ओळखता येत नाही. आणि जी खूण खरोखरच सोलेकला उघडे पाडू शकते, ती कोणती? सुंता. ती रक्तात नाही, कवटीत नाही, नाकाच्या आकारात तर मुळीच नाही. जन्मानंतर आठव्या दिवशी माणसाच्या हाताने, धर्मविधी म्हणून केलेली ती खूण आहे. म्हणजे वंशवादाला शेवटी जे प्रमाण सापडते ते संस्काराचे आहे, वंशाचे नव्हे.

इतिहासही याला दुजोरा देतो. न्यूरेंबर्ग कायद्यांनुसार १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये निघालेल्या आदेशात ज्यूची जी व्याख्या करण्यात आली, ती आजी-आजोबांच्या संख्येवर आधारलेली होती. आणि आजी-आजोबा ज्यू होते किंवा नाही हे ठरविले जाई ते धार्मिक समाजाच्या सभासदत्वावरून. रक्ताची भाषा बोलणाऱ्या राजवटीला प्रत्यक्षात रक्ताची कोणतीच चाचणी उपलब्ध नव्हती. तिच्या हाती होत्या त्या चर्चच्या व सिनेगॉगच्या नोंदवह्या. म्हणून चित्रपटात पुढे पोलीस कचेरीत सोलेककडे वंशशुद्धीच्या दाखल्याची मागणी होते आणि ती कागदपत्रे ग्रोद्नोहून मागविण्याची भाषा होते, तेव्हा तो कवटीच्या मोजणीपेक्षा कितीतरी अधिक घाबरतो. मोजपट्टीला फसविता येते, नोंदवहीला नाही. आपल्या विद्यापीठांत समाजशास्त्र वा इतिहास शिकविणाऱ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून दाखविले, तर छद्मविज्ञान आणि नोकरशाही यांचे नाते फार व्याख्याने न देता समजाविता येईल.

देहाची साक्ष

चित्रपटाचा आरंभच सुंतेच्या विधीने होतो. निवेदक म्हणून सोलेकचा आवाज आपल्याला त्या क्षणाविषयी सांगतो. पुढील सगळ्या कथेत या खुणेची छाया हिंडते. सैन्यात आंघोळीची वेळ, शाळेत सामुदायिक स्नानगृह, वैद्यकीय तपासणी, प्रेमाचे एकांत. सर्वसामान्य किशोराला जेथे फार तर संकोच वाटेल, तेथे सोलेकसाठी मृत्यू आहे. दातदुखी, खोटे बहाणे, अवेळी आंघोळ यांवर त्याचे आयुष्य टांगलेले आहे. एका प्रसंगी तो दोऱ्याने त्वचा ओढून बांधून ही खूण पुसण्याचा प्रयत्न करतो. जखम चिघळते. हे दृश्य पाहणे कठीण आहे, आणि ते तसे असणेच योग्य होते. नाव बदलता आले, देश बदलता आला, देव बदलता आला; इतका एक इंच काही बदलेना.

आपल्याकडे या दृश्याचे प्रतिध्वनी उमटल्याशिवाय राहत नाहीत. फाळणीच्या व त्यानंतरच्या दंगलींत माणसाचा धर्म ठरविण्यासाठी कपडे उतरवून केलेली पाहणी भारतीय साहित्यात नोंदली गेली आहे. येथे एवढा निर्देश पुरेसा आहे. कोकणातील बेने इस्राएल मंडळींची आठवण मात्र वेगळ्या कारणाने होते. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांना गावाने 'शनिवार तेली' म्हटले. त्यांचे वेगळेपण नावातच उघडपणे मिरवीत होते आणि त्यापायी कोणी त्यांच्या जिवावर उठले नाही. मराठी वाचकाला ज्यू म्हणजे शेजारी हाच अनुभव आहे. त्यामुळे पेरेल यांच्या भीतीची कल्पना करताना आपल्याला थोडे अधिक श्रम पडतात.

रोबेर्ट या सैनिकाचे उपकथानक या संदर्भात विशेष मोलाचे आहे. हा पूर्वाश्रमीचा नट. तो सोलेककडे आकृष्ट होतो, आंघोळीच्या वेळी त्याच्याजवळ येतो आणि त्याच क्षणी त्याला सत्य कळते. पण तो ते कोणाला सांगत नाही. त्यालाही स्वतःचे काही लपवावयाचे आहे, कारण समलिंगी आकर्षण हा त्या राजवटीत दंडनीय गुन्हा होता. दोन लपलेली माणसे एकमेकांना ओळखतात आणि त्या ओळखीतून चित्रपटातील पहिली खरी मैत्री जन्मते. सोलेक त्याला विचारतो की दुसऱ्याची भूमिका करणे अवघड असते काय. नटाचे उत्तर असे की त्याहून स्वतः होऊन राहणे अधिक अवघड. रोबेर्ट लवकरच लढाईत मारला जातो. त्याच्या मृत्यूनंतर सोलेकला जे रडू फुटते ते केवळ मित्रासाठी नाही. ज्याच्यापुढे अभिनय करावा लागत नव्हता असा या सैन्यातला एकुलता एक माणूस गेला आहे.

मुखवट्याचा गोडवा

येथपर्यंतचे विवेचन सोलेकला निर्दोष ठरविणारे आहे. जिवाच्या भीतीने माणूस खोटे बोलला. त्यात दोष काय? परंतु हॉलंड तेवढ्यावर थांबत नाहीत, आणि येथेच चित्रपटाचे महत्त्व आहे.

ग्रोद्नोच्या अनाथाश्रमातील एका दृश्यात मुलांना देवाकडे खाऊ मागण्यास सांगितले जाते. काही मिळत नाही. मग स्टालिनकडे मागण्यास सांगितले जाते आणि छतातून गोळ्यांचा वर्षाव होतो. थोड्याच वेळात जर्मन बाँब पडू लागतात. दृश्य उघडच उपहासाचे आहे. परंतु सोलेकच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. हा मुलगा जेथे जातो तेथील देवाला मनापासून नमस्कार करतो. कोमसोमोलमध्ये तो मनापासून कोमसोमोलचा आहे. ब्राउनश्वाइगच्या शाळेत नवा गणवेश अंगावर चढवून तो आरशासमोर हिटलरी सलामीचा सराव करतो, टाचा जुळवितो, आणि पाहता पाहता त्या सरावाचा नाच होतो. या नाचात थट्टा आहे की आनंद आहे? मार्को हॉफश्नायडर या नवख्या नटाने ते ठरवू दिलेले नाही, आणि हे त्याच्या अभिनयाचे मोठे यश आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला गणवेश आवडतो, कौतुक आवडते, आपल्याला दत्तक घेऊ इच्छिणारा कप्तान आवडतो, लेनी नावाची मुलगी आवडते. या मुलीला फ्यूररसाठी मूल जन्माला घालावयाचे आहे आणि ज्यूंविषयी ती जे बोलते ते ऐकून सोलेकचा हात तिच्या गालावर उठतो. तरीही ती त्याला आवडत राहते.

पेरेल यांनी स्वतः पुढे जाहीरपणे सांगितले की युप त्यांच्या आत कायमचा राहिला. जीव ज्याने वाचविला त्या हिटलरी मुलाचा पूर्ण तिरस्कार करणे त्यांना जमले नाही. हे सांगण्यास जे धैर्य लागते ते त्यांच्या पलायनाच्या धैर्याहून कमी नाही. अभिनय आणि श्रद्धा यांच्यामधली रेषा रोज थोडी थोडी पुसली जाते, हे ज्याने अनुभवले त्यालाच असे बोलता येते. लुई माल यांच्या 'ओ रव्वार लेझांफां' (१९८७) या चित्रपटाशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. तेथेही कॅथलिक शाळेत खोट्या नावाने राहणारा ज्यू मुलगा आहे. पण तो आतून अखंड आहे. रात्री चोरून प्रार्थना करतो, आणि त्याचा घात होतो तो मित्राच्या एका नजरेने. मालचा मुलगा पकडला जातो आणि आपण त्याच्यासाठी निःशंक शोक करू शकतो. हॉलंडचा मुलगा वाचतो, आणि आपला शोक कोणासाठी आहे हेच कळेनासे होते.

मराठीत या अनुभवाला एक शब्द आहे, आणि तो फार निर्दय आहे. जात लपविण्याला आपण 'जात चोरणे' म्हणतो. बाबूराव बागूल यांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत नोकरीनिमित्त परगावी गेलेला तरुण निवाऱ्यासाठी जात सांगत नाही आणि सत्य उघड झाल्यावर मार खातो. भाषेने येथे न्याय आधीच करून टाकला आहे. जो आपले जन्मजात काही दडवितो तो चोर. त्याला ते दडविण्यास लावणारा समाज फिर्यादी. दोन्ही अनुभवांत फरक मोठे आहेत आणि ते पुसू नयेत : बागुलांच्या नायकाच्या देहावर खूण नाही, त्याला गाठते ती चौकशी. त्याच्यामागे सरकारी संहारयंत्रणा नाही, पण ज्याच्याकडे परतावे असे सुरक्षित पूर्वायुष्यही नाही. तरी साम्य आहे ते असे की दोघेही लपलेल्या काळात माणसांच्या प्रेमाला पात्र ठरतात, आणि ते प्रेम आपल्याला नसून आपल्या खोट्या नावाला आहे, हे त्यांना क्षणोक्षणी जाणवते.

ट्रामची खिडकी

हॉलंड यांच्या उपरोधाची मर्यादा कोठे आहे, हे वूचच्या ट्रामच्या प्रसंगात दिसते. शाळेच्या सुटीत सोलेक आईवडिलांचा शोध घेण्यासाठी वूचला जातो. तेथे ज्यूंना घेट्टोत कोंडलेले आहे. घेट्टोतून एक ट्राम जाते, पण तिची दारे बंद असतात आणि बाहेरचे दिसू नये म्हणून काचा रंगविलेल्या असतात. गणवेशातील सोलेक काचेवरचा रंग खरवडून एक छोटे भोक करतो आणि त्यातून पाहतो. रस्त्यावर प्रेते आहेत, सांगाडे झालेली माणसे आहेत, आणि एक स्त्री आहे जी त्याला आई वाटते. ट्राम थांबत नाही. तो पुन्हा पुन्हा त्याच ट्रामने जातो.

पेरेल यांच्या आयुष्यातही हे असेच घडले. त्यांचे वडील त्या घेट्टोत उपासमारीने गेले. आईला १९४४ साली खेल्मनो येथे मारण्यात आले. चित्रपटात या प्रसंगी विनोद थांबतो, संगीत मागे सरते, निवेदनही बहुतेक गप्प होते. उरते ते एक भोक आणि एक डोळा. पाहणारा सुरक्षित आहे, उबेत आहे, आणि त्याच्या अंगावर मारणाऱ्यांचा पोशाख आहे. आतून खरवडलेल्या या भोकातून प्रेक्षकही पाहत असतो, हे वेगळे सांगावयास नको. संहारावरील चित्रपटांत छावण्यांची, चिमण्यांची, काटेरी तारांची दृश्ये इतकी आली आहेत की ती आता आपोआप डोळ्यांवरून घसरतात. हे दृश्य घसरत नाही.

निरोपाच्या वेळी वडिलांनी सालोमनला आपण कोण आहोत हे विसरू नकोस असे सांगितले होते आणि आईने सांगितले होते, की तू जगले पाहिजेस. पेरेल यांनी हे दोन आदेश आयुष्यभर सांगितले. ट्राममध्ये ते एकमेकांसमोर उभे ठाकतात. खाली उतरून आईकडे धावणे म्हणजे वडिलांचे ऐकणे आणि आईचे मोडणे. तो उतरत नाही. याला भेकडपणा म्हणावे काय? चित्रपट म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये. पण हा प्रश्न ज्यांना पडतच नाही, त्यांनी हा चित्रपट नीट पाहिलेला नाही.

दैव आणि पटकथा

या उंचीवरून चित्रपट पुढे उतरतो, हे नमूद केले पाहिजे. वंशशुद्धीच्या दाखल्याच्या फेऱ्यातून सोलेक सुटतो तो बाँबहल्ल्यात ती कचेरीच जमीनदोस्त झाल्यामुळे. रशियनांकडे पळून जाण्याचा त्याचा प्रयत्न अचानक शौर्य ठरतो, कारण मागोमाग जर्मन सैनिक पूल ओलांडून येतात. स्टालिनचा मुलगा पकडला जातो तेव्हा दुभाषा हाच असतो. यांतील काही गोष्टी प्रत्यक्षात घडलेल्या आहेत, हा बचाव पुरेसा नाही. आयुष्यातले दैव हे दैवच असते. पटकथेत आलेले दैव लेखकाच्या मर्जीचे दिसू लागते. एक गोष्ट मात्र हॉलंड यांच्या बाजूने सांगावी लागेल. ज्यांना दैवाने साथ दिली नाही, त्यांनी आत्मकथने लिहिली नाहीत. वाचलेल्यांची प्रत्येक कथा योगायोगांची असते ती याच कारणाने. चित्रपटात सोलेकच्या जवळ येणारी माणसे, रोबेर्ट आणि शाळेतला मित्र गेर्ड, एकेक करून मरतात, आणि त्याच्या नशिबाची किंमत दुसरे कोणी तरी भरीत आहे, अशी छाया पडत राहते. ती आणखी गडद असावयास हवी होती. लेनीचे पात्र तर घोषणांच्या पलीकडे फारसे वाढत नाही. तिच्या आईला, जी सोलेकचे गुपित ओळखते आणि राखते, वाट्याला आलेली दोन-तीन दृश्ये मात्र संयमाचा उत्तम नमुना आहेत.

आत्मकथनापासून चित्रपटाने घेतलेली दोन मोठी स्वातंत्र्ये अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहेत. चित्रपटात बहीण बेर्टा नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारात पायने येथेच मारली जाते. प्रत्यक्षात कुटुंब त्याआधीच पोलंडला गेले होते. आरंभीच एक मृत्यू दाखवून पळण्याला कारण पुरविणे, हा पटकथेचा सरळ व्यवहार आहे. त्यावर फार बोलण्याचे कारण नाही. दुसरे स्वातंत्र्य अधिक अर्थपूर्ण आहे. खऱ्या पेरेल यांना एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने पकडले व लवकरच सोडले. चित्रपटात त्याला सोव्हिएत सैनिक पकडतात. तो ओरडून सांगतो की मी ज्यू आहे. कोणी विश्वास ठेवीत नाही. छावण्यांतील छायाचित्रे त्याच्यापुढे धरून त्याला विचारले जाते, की ज्यू असशील तर यांच्यासारखा का दिसत नाहीस? मग छावणीतून सुटलेल्या एका कैद्याच्या हाती पिस्तूल दिले जाते. गोळी सुटण्याच्या आत पट्टेरी कपड्यांतला इझाक त्याला ओळखतो.

हा शेवट काल्पनिक असला तरी पेरेल यांच्या चाळीस वर्षांच्या मौनाचे ते यथार्थ रूप आहे. ज्या प्रश्नाच्या धाकाने ते गप्प राहिले, तोच येथे अधिकाऱ्याच्या तोंडी येतो. चार वर्षे ज्याने ज्यू नसल्याचे सिद्ध केले, त्याला आता ज्यू असल्याचे सिद्ध करता येत नाही. भावाच्या आगमनाने प्राण वाचतो, परंतु प्रश्नाचे उत्तर दिले जात नाही. ते मधेच तोडले जाते. हॉलंड यांनी त्या कैद्याला थोडे अधिक बोलू दिले असते तर चित्रपट अधिक कठोर झाला असता. इझाकही भावाला बजावतो, की ही हकिगत कोणाला सांगू नकोस, कोणी विश्वास ठेवणार नाही.

चित्रपटाच्या वाट्यालाही ओळखपत्रांचा असाच काहीसा प्रसंग आला. जर्मन निवड समितीने त्याला ऑस्करच्या परभाषिक विभागासाठी पाठविले नाही. दिग्दर्शिका पोलिश, निर्मितीत फ्रेंच वाटा. तेव्हा याला जर्मन म्हणावे काय, असा मुद्दा त्या वादात निघाला. फोल्कर श्ल्योंडॉर्फ, विम वेंडर्स यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. चित्रपटाला परभाषिक विभागातील गोल्डन ग्लोब मिळाले आणि हॉलंड यांना आधारित पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. वंशशुद्धीचा दाखला मागणाऱ्या कचेरीची थट्टा करणाऱ्या कलाकृतीला तसाच दाखला मागितला जावा, याला काय म्हणावे!

शेवटची खूण

चित्रपटाच्या अखेरीस खरे सालोमन पेरेल पडद्यावर येतात. नदीकाठी उभे राहून हा वृद्ध माणूस हिब्रू भाषेत एक स्तोत्र गातो. भावांनी एकत्र राहण्यातील सुखाचे ते स्तोत्र आहे. दोन तास आपण एका देखण्या नटाला त्यांच्या जागी पाहिले. आता नट दूर होतो. पेरेल १९४८ साली पॅलेस्टाईनला गेले, उत्तरायुष्यात जर्मनीतील शाळाशाळांतून बोलत राहिले आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजी वयाच्या सत्त्याण्णव्या वर्षी इस्राएलमध्ये त्यांचे निधन झाले.

या गाण्याच्या आधी निवेदनात एक वाक्य येते. आपल्याला मुलगे झाले तेव्हा त्यांची सुंता करताना आपण फारसे कचरलो नाही, असे ते म्हणतात. 'मुळीच' असा शब्द त्यांनी वापरलेला नाही. ज्या खुणेने आपल्याला मारले असते, ती आपल्या मुलाच्या अंगावर उमटविण्यापूर्वी सालोमनचा हात किंचित थांबला होता. आणि तो थांबविणारा बहुधा युप होता.